राणीच्या हाती तलवार कशाला?

प्राचीन काळातील कर्तबगार स्त्री म्हटली की तिच्या हाती तलवार द्यायचीच, ही हौस आता आवरायला हवी. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला आहे. वाकाटकांच्या वंशावळीत प्रवरसेन आपली आई प्रभावतीगुप्ता हिचे नाव अभिमानाने घेतो. पती दुसरा रुद्रसेन निवर्तल्यावर, पाचव्या शतकाच्या आरंभी, तिने अल्पवयीन युवराज दिवाकरसेनाच्या वतीने किमान १३ वर्षे राज्य सांभाळले. नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून, तिने स्वतःच्या नावे भूमिदाने दिली. ताम्रपटात आधी माहेरच्या गुप्तांची वंशावळ कोरविली, गोत्रही वडिलांचेच सांगितले. (सासरी राहून हे धाडस लहान नव्हे!) तिच्या नावाची मातीची मुद्रा नगरधनच्या उत्खननात हाती आली. तिने युद्ध केल्याचा उल्लेख मात्र या ताम्रपटांत नाही.

शस्त्रधारी स्त्री पाहायची, तर वेरूळच्या कैलास लेण्यात सिंहारूढ महिषासुरमर्दिनी आहे. पण ती देवी. तिची आयुधे प्रभावतीगुप्तेच्या हाती दिली, की जमीन कोणाला द्यायची आणि कोणते कर माफ करायचे हे ठरविणारी राज्यकर्ती दिसेनाशी होते.