जनावरांचा ट्रक राज्याची सीमा ओलांडतो तेव्हा लागणारा ‘तो’ कागद नेमकं काय सांगतो?

रात्रीचा हायवे, अडवलेला ट्रक, आत जनावरं आणि बाहेर जमलेली गर्दी. असा व्हिडिओ तुमच्या फोनवर कधी ना कधी आलाच असेल. ‘कागद दाखव’ असं कोणीतरी ओरडतं, ड्रायव्हर घडी पडलेला कागद पुढे करतो आणि खाली कमेंटमध्ये भांडण सुरू होतं. कागद खरा की खोटा, यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. त्या कागदावर काय लिहिलेलं असतं, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

हा कागद म्हणजे पशुवैद्यकाने दिलेला आरोग्य दाखला. जनावर कशासाठी चाललंय, याच्याशी त्याचा संबंध नाही. जनावर प्रवासाला धडधाकट आहे का आणि ते सोबत रोग घेऊन चाललंय का, एवढंच तो सांगतो.

नियम काय आहे?

प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याखाली 1978 मध्ये जनावरांच्या वाहतुकीचे नियम आले. गाय, बैल, म्हैस रेल्वेने किंवा रस्त्याने नेताना प्रत्येक खेपेसोबत पात्र पशुवैद्यकाचा दाखला हवा, असं हे नियम सांगतात. दाखला नसेल तर वाहतूकदाराने माल घ्यायचाच नाही. शेळ्या-मेंढ्यांसाठीही अशीच तरतूद आहे.

दाखल्याचा नमुनाही ठरलेला आहे. निघण्याआधी 12 तासांच्या आत जनावरं तपासली, ती प्रवासाला योग्य आहेत, संसर्गजन्य रोगाची लक्षणं दिसत नाहीत, पुरेसा चारा-पाणी दिलाय, कोणती लस कधी दिली, हे सगळं डॉक्टरने लिहून सही करायची असते.

गंमत म्हणजे या नमुन्यात लस दिल्याची खात्री करायला सांगितलेला पहिला रोग आहे बुळकांडी. हा रोग 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. भारत तर त्याआधीच, 2006 मध्ये, बुळकांडीमुक्त ठरला होता. रोग गेला, छापील ओळ राहिली.

मग राज्याच्या सीमेचा प्रश्न कुठून आला?

राज्यघटनेनुसार पशुधन आणि त्यांचे रोग हा राज्यांचा विषय आहे. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणं हा समवर्ती सूचीतला विषय, म्हणजे त्यावर केंद्रही कायदा करू शकतं. प्राण्यांमधल्या संसर्गजन्य रोगांचा 2009 चा केंद्रीय कायदा याच जागेवर उभा आहे. त्यानुसार राज्य सरकार एखादा भाग ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर करू शकतं, तिथली जनावरांची ये-जा थांबवू शकतं, बाजार बंद करू शकतं, सीमेवर तपासणी नाके लावू शकतं.

याचा अनुभव महाराष्ट्राने 2022 मध्ये घेतला.

लम्पीने काय शिकवलं?

लम्पी त्वचारोग भारतात पहिल्यांदा 2019 मध्ये ओडिशात सापडला. 2022 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याने राजस्थान आणि गुजरातमध्ये थैमान घातलं. ऑगस्टमध्ये तो महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यात दिसला आणि सप्टेंबरमध्ये अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद.

हा रोग माणसाला होत नाही. तो डास, माश्या आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो. पण माशी स्वतः उडून शेकडो किलोमीटर जात नाही. एवढा लांबचा पल्ला रोग गाठतो तो बहुतेक वेळा ट्रकमध्ये उभ्या असलेल्या जनावरातून. म्हणून वाहतूक थांबवणं शास्त्राला धरून होतं.

पण त्याची किंमत कोणी मोजली? ऊसतोड मजुरांचंच बघा. बीड, अहिल्यानगर भागातली कुटुंबं दरवर्षी दिवाळीच्या आसपास बैलगाड्या घेऊन कोल्हापूर, सांगलीच्या कारखान्यांवर जातात. काही जण सीमा ओलांडून बेळगावकडे जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. साथ आली तेव्हा गळीत हंगाम तोंडावर आला होता. अशा वेळी बैल अडले की उसाची वाहतूक अडते आणि उचल अंगावर राहते. बैल नेले आणि ते आजारी पडले, तर घरातलं सगळ्यात मोठं भांडवल जातं.

त्या साथीत राज्य सरकारने मृत गाईमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये मदत दिली. चांगली दुभती गाय बाजारात किती रुपयांना मिळते, हे दूध उत्पादकाला विचारा. मदत आणि नुकसान यांतली दरी लगेच कळेल.

दाखला असला म्हणजे जनावर निरोगी का?

नाही. इथेच खरी गोम आहे.

दाखला सांगतो, ‘आज लक्षणं दिसत नाहीत’. लम्पीची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 28 दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो. म्हणजे आज तपासलेली, चारा खाणारी, डोळे स्वच्छ असलेली गाय आठवड्याने अंगावर गाठी घेऊन उभी राहू शकते. डॉक्टरने प्रामाणिकपणे तपासलं तरी हे होऊ शकतं.

म्हणून दाखल्याइतकीच महत्त्वाची ठरते लसीकरणाची तारीख. लस दिल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. सकाळी लस टोचली आणि संध्याकाळी ट्रकमध्ये चढवलं, तर कागद पूर्ण होतो, पण जनावर सुरक्षित होत नाही.

दुसरी अडचण ओळखीची. ‘सहा गाई, तांबड्या, वय चार वर्षं’ असं लिहिलेला कागद कोणत्याही सहा तांबड्या गाईंना चालतो. यावर उपाय म्हणजे कानातला पिवळा बिल्ला. त्यावरचा 12 अंकी क्रमांक त्या एकाच जनावराचा असतो आणि लसीकरणाची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत त्याच क्रमांकावर होते. महाराष्ट्राने 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर आणि वाहतुकीवर बंदी घातली, ती यासाठीच.

दाखला मिळणं एवढं अवघड का?

कायद्याने हा दाखला फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकच देऊ शकतो. पण ग्रामीण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी श्रेणी-2 चे दवाखाने आहेत. तिथे पदवीधर डॉक्टर नसून पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक असतात. रोजचे उपचार, लसीकरण तेच सांभाळतात, पण दाखल्यावर त्यांची सही चालत नाही. बाजारात रविवारी गाय घेतली, तर 12 तासांच्या आत तपासणी करून सही देणारा डॉक्टर कुठे शोधायचा?

नियम कडक आणि सही करणारा लांब, अशी स्थिती झाली की मधे एजंट उभा राहतो. जनावर न बघता दिलेले दाखले इथूनच सुरू होतात. त्यात फसतो तो शेतकरी, कारण त्याच्या हातात कागद असतो, पण त्याला अर्थ नसतो.

रस्त्यात कोण तपासू शकतं?

पोलीस, परिवहन विभाग आणि पशुसंवर्धन विभागाचे अधिकारी. रस्त्यावर जमलेल्या जमावाला ट्रक अडवून मारहाण करण्याचा अधिकार नाही. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये झुंडबळीच्या प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात नोडल पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं होतं.

उलट बाजूनेही लक्षात ठेवा : आरोग्य दाखला म्हणजे सगळे परवाने नव्हेत. साध्या मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गाई-म्हशी भरल्या तर दाखला असूनही तो गुन्हाच. महाराष्ट्रातून गाय किंवा बैल कत्तलीसाठी बाहेर नेण्यावर बंदी आहे, तीही दाखल्याने उठत नाही.

जनावर घेणार असाल तर

– बिल्ल्याचा क्रमांक, दाखल्यावरचा क्रमांक आणि खरेदीची पावती जुळवून बघा.
– दाखल्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, तपासणीची तारीख आणि वेळ आहे का, ते पाहा.
– लस कोणती आणि कधी दिली, ते विचारा.
– जनावर घरी आणल्यावर निदान तीन-चार आठवडे बाकीच्या गुरांपासून वेगळं बांधा. दाखल्याला जे दिसत नाही, ते या दिवसांत दिसतं.
– अंगावर गाठी, तोंडातून लाळ किंवा खुरांत जखमा दिसल्या तर लगेच सरकारी दवाखान्यात कळवा. असा रोग कळवणं कायद्यानेच मालकावर बंधनकारक आहे.

पुढची साथही कुठल्यातरी ट्रकमधूनच येईल. तेव्हा सीमेवर कागद तपासणारे पुष्कळ असतील. त्याआधी गोठ्यात जाऊन जनावर तपासणारा डॉक्टर गावाजवळ असेल का, हे सरकारला आत्ताच विचारायला हवं.