करुणेचे धडे आधी गुरुजींना

खिचडीच्या वासाने शाळेच्या फाटकाशी आलेल्या कुत्र्याला चौथीतला पोरगा दगड मारतो, आणि गुरुजी त्या पोरावर छडी उगारतात. भूतदयेचा धडा तिथेच बाराच्या भावात जातो. प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी हे राज्यघटनेच्या कलम ५१-क नुसार नागरिकाचे कर्तव्य. मुलांना मारण्यावर आणि त्यांच्या मानसिक छळावर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी. कागद भक्कम आहेत. शिक्षकाच्या हाती काय दिले?

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शिक्षकांना वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण सांगते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी पडद्यावरच्या स्लाइड, चहा-बिस्किटे आणि हजेरीची सही एवढ्यावर ते उरकते. (निवडणुकीची कामे उपसून आलेला शिक्षक जागा राहतो हेच पुष्कळ!) त्याऐवजी दगड मारणाऱ्याशी काय बोलायचे, कुणाला जातीवरून चिडवले तर चालू तास कसा थांबवायचा, हे शिक्षकांनी एकमेकांसमोर करून पाहावे. करुणा सांगून नव्हे, करून दाखवूनच शिकवता येते: अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. मुले ते पाहत होती. जिल्हा प्रशिक्षण संस्थांनी यंदा सभागृहे सोडून प्रशिक्षणाचे हे तास शाळांतच घ्यावेत, आणि पहिल्या बाकावर केंद्रप्रमुखांना बसवावे.