काठी हातांत, पिस्तूल कपाटांत

गेल्या महिन्यांत आमच्या इमारतींतील एक तरुण गृहस्थ दिवेलागणीस मजकडे आले. हातांत शस्त्र-परवान्याच्या अर्जाचा कागद होता. "गुरुजी," ते म्हणाले, "कामावरून रोज रात्रीं आरेच्या रस्त्यानें परततों. बिबट्याची वार्ता आली कीं घरची मंडळी मी येईपर्यंत जेवत नाहींत. एखादें पिस्तूल जवळ बाळगावें असें मनांत आहे. आपला विचार काय?" उभ्या आयुष्यांत मीं मुलांना शब्द आणि धातु चालवावयास शिकविलें, पिस्तूल चालविण्याशीं माझा संबंध तो काय! तथापि प्रश्न पोटतिडिकेचा होता. त्यांना बसवून घेतलें, चहा झाला, आणि पुढें जें बोलणें झालें तेंच वाचकांपुढें ठेवीत आहें.

आरेची दुग्धवसाहत १९४९ सालीं वसविली गेली. मुंबईंतील म्हशींचे गोठे शहराबाहेर न्यावे आणि नगरवासीयांस निर्भेळ दूध मिळावें, हा तिचा हेतु. तीन हजारांहून अधिक एकरांच्या या विस्तारांत गोठे आहेत, वैरणीचीं कुरणें आहेत, वारली लोकांचे पाडे आहेत. आणि लगतच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें रान आहे. बिबट्याला हद्दीचा दगड वाचतां येत नाहीं. कचऱ्यावर कुत्रीं जमतात, कुत्र्यांमागें तो येतो. वारली मंडळी वाघदेवाला पूजतात आणि अंधार पडला कीं पोरांना घरांत घेतात. या दोन्ही गोष्टी ते सारख्याच निष्ठेनें करतात, हें आम्हां इमारतवाल्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

आतां पिस्तुलाकडे वळूं. १९५९ च्या शस्त्र-कायद्याप्रमाणें परवान्यावांचून तें बाळगतां येत नाहीं, आणि परवान्यापूर्वीं पोलिसांची चौकशी होते. परंतु मी त्यांना म्हटलें, "परवाना मिळाला असें धरून चालूं. तें ठेवाल कोठें?" ते म्हणाले, "घरीं कपाटांत, कुलूप लावून." घरांत पांच वर्षांची कन्या आहे, तेव्हां उत्तर योग्यच होतें. गोळ्या काढलेल्या, शस्त्र एका कुलपांत, गोळ्या दुसऱ्या कुलपांत, हीच सुज्ञ गृहस्थाची रीत. बाहेर नेतांना चाप पूर्ण झांकेल असें पक्कें म्यान कमरेला हवें, नळी कोणाकडे वळतां कामा नये, आणि नेम निश्चित होईपर्यंत बोट चापावर जातां कामा नये. हे नियम कडक आहेत, कारण चूक एकदांच होते. पण ज्या बंदोबस्तानें तें शस्त्र निर्धोक होतें, त्याच बंदोबस्तानें तें ऐन वेळीं दूर राहतें. शिपाई नित्य सरावानें हें अंतर कांहीं अंशीं तोडतो. दिवसभर कचेरींत बसणारा माणूस कसें तोडील?

शिवाय बिबट्या समोरून आव्हान देऊन येत नाहीं. तो दबा धरून मागून येतो. त्या अंधारांत घाईनें सुटलेली गोळी झुडपापाशीं थांबत नाहीं. झुडपामागें पाडा असतो, गोठा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत बिबट्याला पहिल्या परिशिष्टाचें संरक्षण आहे. आपल्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणार्थ सद्भावनेनें तो मारला गेल्यास अपराध मानीत नाहींत हें खरें, पण "पानें हलल्यासारखीं वाटलीं" एवढ्यावर कोणीं ती सद्भावना सिद्ध करावी?

या ठिकाणीं मीं त्यांना २९ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळची आठवण दिली. याच आरेंत एक प्रौढ बाई काठी टेकीत घराच्या ओट्याशीं आल्या व बसल्या. बिबट्या त्यांच्या पाठीमागेंच होता. त्यानें झडप घातली, बाई पडल्या, आणि पडल्या पडल्या त्यांनीं हातांतील काठी त्याच्यावर हाणली. बिबट्या मागें सरला. बाई जखमी झाल्या, पण वांचल्या. कॅमेऱ्यानें टिपलेलें तें दृश्य साऱ्या देशानें पाहिलें. लोक त्यांच्या धैर्याची स्तुति करतात, ती यथार्थच आहे. मला मात्र वाटतें कीं, काठी त्यांच्या मुठींत आधींच होती, हें त्या धैर्याइतकेंच महत्त्वाचें. ती शोधावी लागली नाहीं, उघडावी लागली नाहीं.

माझी स्वतःची फजितीहि सांगतों. दोन वर्षांपूर्वीं एका सायंकाळीं फिरून येत असतां काठी कांखेंत, विजेरी खिशांत आणि दोन्ही हातांत पूजेचीं फुलें, असा मी चाललों होतों. बाजूच्या गवतांत खसखस झाली. फुलें टाकावीं कीं काठी काढावी, या विचारांतच काठी खालीं पडली. गवतांतून निघालें एक रेडकू! त्यानें माझ्याकडे पाहिलें तें मी अजून विसरलों नाहीं. तेव्हांपासून फुलें पिशवींत, काठी उजव्या हातांत आणि पेटलेली विजेरी डाव्या हातांत.

मुंजींत बटूच्या हातीं पळसाचा दंड देतात, तो आपण विधीपुरता देतों आणि विसरतों. मनूनें ब्राह्मणाचा दंड केसांपर्यंत पोंचेल इतका उंच सांगितला आहे. तो सरळ, अभंग आणि लोकांस उद्वेग न देणारा असावा, असेंहि म्हटलें आहे. शेवटचें विशेषण मला फार आवडतें. गोरेगांवच्या बसमध्यें काठी घेऊन चढलेल्या म्हाताऱ्याला कोणीहि जागा देतो. कमरेला पिस्तूल दिसलें तर जागा मिळेल खरी, पण निराळ्या कारणानें. "मग गुप्ती चालेल?" त्यांनीं अर्धवट थट्टेनें विचारलें. म्हटलें, गुप्ती म्हणजे काठीच्या पोटांतली तलवार, आणि शस्त्रांच्या नियमांत तिची गणना तलवारींतच होते.

मात्र काठीनेंहि सर्व कांहीं होत नाहीं. २४ ऑक्टोबर २०२२ रोजीं, दिवाळीच्या पहाटे, आरेंतच सोळा महिन्यांची एक बालिका आईच्या मागोमाग घराबाहेर आली आणि बिबट्यानें नेली. तिच्या हातीं कोण काय देणार? तिच्याविषयीं बोलतांना आम्ही दोघेहि कांहीं वेळ गप्प झालों. मुलाला अंधारांत पुढें किंवा मागें चालूं न देतां कडेवर घ्यावें, दाराबाहेर दिवा असावा, उघड्यावर वांकून अगर उकिडवें बसूं नये, अन्नाचा कचरा दारांत टाकूं नये, आणि दोघातिघांनीं बोलत चालावें, एवढेंच मला सांगतां आलें. त्यांनीं अर्जाची घडी करून खिशांत घातली. भरणार कीं नाहीं, तें मीं विचारलें नाहीं.

परवां ते मला आरेच्या नाक्यावर दिसले. नवी कोरी वेताची काठी घेतली होती. पण ती कांखेंत होती, आणि दोन्ही हात मोबाईलवर! मीं लांबूनच हांक मारली. बिचाऱ्यांनीं दचकून काठी पाडली.