पाम बीचवर मखमल, गावात दणके

सेकंडहॅन्ड लक्झरी एसयूव्ही घेताय? मग टेस्ट ड्राइव्ह पाम बीच रोडवरच उरकू नका, बॉस. त्या सरळ, रुंद रस्त्यावर कोणतीही गाडी राजेशाहीच वाटते. मी मित्रांना टी. एस. चाणक्यजवळच्या करावे गावात वळायला सांगते. गल्लीतले स्पीडब्रेकर 20 च्या स्पीडला घ्या, एसी-म्युझिक बंद ठेवून.

कोरडा ‘टक्’ आवाज आला तर बहुधा बुश किंवा लिंक रॉड. ब्रेकरनंतर गाडी डोलतच राहिली तर शॉकअप गेले. बहुतेकदा त्यांच्यावर तेलाचा ओघळही दिसतो. आवाज नाही, डोलणं नाही, नुसते दणके? आधी टायरमधली हवा बघा. कंपनीचा आकडा बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. आणि रनफ्लॅट टायरची बाजू मुळातच कडक. तिथे चारी शॉकअप बदलून काय होणार?

एअर सस्पेन्शनवाली गाडी मात्र रात्रभर उभी ठेवून सकाळी बघाच. एक कोपरा खाली बसला असेल तर हवेचा रबरी फुगा गळत असणार. तशीच चालवली की कॉम्प्रेसर जास्त पळून जळतो. एका गळतीची दोन बिलं! अशा गाडीचा मी तर भावही विचारणार नाही.