मोड, माप आणि धनत्रयोदशी

समुद्रमंथनातून भगवान धन्वंतरी अमृताचा कलश हाती घेऊन प्रकट झाले, तो दिवस आश्विन वद्य त्रयोदशीचा, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. देव कलश घेऊन आले, म्हणून या दिवशी घरात एखादे तरी नवे भांडे यावे अशी चाल पडली. ऐपतीप्रमाणे कोणी चांदीची वाटी आणतो, कोणी पितळेची कळशी, कोणी नुसता तांब्याचा गडू. सायंकाळी त्याला हळदकुंकू लागते आणि दाराशी यमदीप उजळतो. या चालीचे वर्णन दरवर्षी होते. परंतु तिच्या दुसऱ्या अंगाकडे कोणाचे लक्ष जात नाही. नवे भांडे घरात येते त्याच सुमारास जुने भांडे घराबाहेर जाते. माळ्यावरचा चेपलेला हंडा, बुड गेलेले तपेले, कान तुटलेली घागर यांची मोड होते. ही मोड कोणत्या मापाने आणि कोणत्या भावाने जाते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी तो धर्माचाच प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. एका बाजूस घोलवड, बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आणि जुनी नांदती घरे. दुसऱ्या बाजूस कासा, सायवन, उधव्याकडील डोंगरपट्टीतले वारली, कोकणा, धोडिया यांचे पाडे. वाडीतल्या घरात पितळ माळ्यावर भरून असते. पाड्यावरच्या घरात जर्मनची टोपली अधिक आणि पितळेचा हंडा असलाच तर एखादा. तो लग्नात आलेला किंवा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या चैत्रातल्या यात्रेत हौसेने घेतलेला. दोन्ही घरांतले पितळ अखेरीस फेरीवाल्याच्या गोणीत किंवा हमरस्त्यावरच्या भंगाराच्या दुकानात पोचते. तेथून ते मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि पुढे ओतकामाच्या भट्टीकडे जाते. प्रत्येक टप्प्यावर माल उचलणाऱ्याचा नफा राहतो आणि तो राहावा, हे न्याय्यच आहे. श्रम, भाडे, भांडवल यांचा मोबदला कोणी नाकारीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की हा नफा उघड भावातून निघावा, खोट्या काट्यातून निघू नये.

भाव ठरतो कशाने, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. पत्र्याच्या भांड्यांत स्थूलमानाने दोन हिस्से तांबे आणि एक हिस्सा जस्त असते. जस्तापेक्षा तांबे पुष्कळच महाग. म्हणून तांब्याचा बाजार चढला की पितळ चढते, उतरला की उतरते. लंडनच्या धातुबाजारात तांब्याचा जो भाव निघतो, त्याचा पडसाद मुंबईत आणि मुंबईहून डहाणूच्या दुकानात उमटतो. यास्तव मागल्या दिवाळीचा भाव या दिवाळीस लावणे व्यर्थ होय. विकण्यापूर्वी दोनतीन ठिकाणी त्याच दिवशीचा भाव विचारावा आणि तो किलोमागे किती, हे स्पष्ट वदवून घ्यावे. ‘या ढिगाचे इतके’ असा उक्ता सौदा ज्याने स्वीकारला, त्याने आपला हक्क तेथेच सोडला असे समजावे.

दुसरी गोष्ट प्रतवारीची. तांबे, पितळ आणि कांसे यांचे भाव निरनिराळे असतात. तिन्ही एकाच गोणीत टाकली की घेणारा सर्वांना सर्वांत हलका भाव लावतो. घरच्या घरी वेगळी करणे अवघड नाही. तांबे लालसर, पितळ पिवळे. कांशाच्या वाटीचा नाद खणखणीत आणि लांबणारा. काळवंडलेल्या भांड्याच्या तळाशी कानशीचा एक ओरखडा काढला की आतला खरा रंग दिसतो. लोहचुंबक जवळ न्यावे; पितळ त्यास चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. पुढे घडीव पत्र्याची भांडी एकीकडे आणि ओतीव वस्तू व नळाच्या तोट्या दुसरीकडे ठेवाव्यात. कारण ओतीव मालात पुष्कळदा शिशाचा अंश असतो आणि तोटीवर निकेलचा थर, आत रबराची चकती. लोखंडी कडी, लाकडी मूठ, समईच्या बैठकीत भरलेली लाख किंवा माती काढून टाकावी. चिंचेने घासून लखलखीत करण्याचे श्रम मात्र व्यर्थ. भट्टीला चकाकीशी कर्तव्य नसते.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. नवी बादली घेताना पुष्कळदा ती लोखंडी कडीसकट पितळ म्हणून तोलली जाते. तीच बादली मोडीत देताना कडीचे वजन वजा होते. वजा व्हावे हे योग्यच. पण मग घेतानाही ते वजा व्हावे, असे म्हणणाऱ्या गृहिणीला कोणी चिकट म्हणू नये. जुने देऊन नवे घेण्याच्या व्यवहारात तर दोन्ही आकडे एकमेकांत इतके मिसळतात की गिऱ्हाइकाच्या हाती फक्त ‘वर किती द्यायचे’ एवढेच उरते. मोडीचा भाव, नव्याचा भाव आणि घडणावळ हे तीन आकडे वेगवेगळे कागदावर मागावेत. त्याहून उत्तम म्हणजे मोड सणाच्या आधी पंधरा दिवस स्वतंत्रपणे विकावी. धनत्रयोदशीच्या सायंकाळी दुकानात रेटारेटी असते, मुले घरी दिव्यासाठी खोळंबलेली असतात आणि मुहूर्त टळेल ही धास्ती असते. अशा घाईत मनुष्य काट्याकडे पाहत नाही.

आणि खरी लूट भावात नसून काट्यात असते. समजा, आठ किलो पितळ आहे. काट्याने किलोमागे पन्नास ग्रॅम कमी दाखविले, तर ते सात किलो सहाशे ग्रॅम भरले. मग ‘घट’ म्हणून शेकडा पाच कापले, म्हणजे आणखी तीनशे ऐंशी ग्रॅम गेले. भाव बाजारात उत्तम मिळूनही पाऊण किलोहून अधिक पितळ फुकट गेले. याला उपाय सोपा आहे. माल घरून तोलून न्यावा. दुकानाच्या काट्यावर आधी मिठाची बंद एक किलोची पिशवी ठेवून पाहावी. काटा रिकामा असताना शून्य दाखवतो की नाही, हे बघावे. व्यापारातल्या वजनकाट्यांची ठराविक मुदतीने पडताळणी होऊन त्यांवर मुद्रा उमटलेली असावी, असे 2009 च्या वैधमापन कायद्याचे बंधन आहे. शासनाची वैधमापनशास्त्र यंत्रणा त्यासाठीच आहे. ती मुद्रा दाखवा म्हणणे हा अपमान नव्हे.

आता कोणी म्हणेल, सणाच्या पानावर ही काटेमोजणी कशाला? त्याला उत्तर महाभारतातच आहे. शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा येते. अरण्यात तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले. पिले वाढली, उडून गेली आणि जाजलीला आपल्या तपाचा अभिमान झाला. तेव्हा त्याला कळले की वाराणसीचा तुलाधार नावाचा एक वाणी धर्मज्ञानात त्याच्याहून श्रेष्ठ आहे. जाजली त्याच्या दुकानी गेला. तुलाधाराने त्याला सांगितलेल्या धर्माचे मर्म हेच की आपला तराजू सर्व प्राणिमात्रांसाठी सारखा आहे. महर्षी व्यासांनी अरण्यातल्या तपस्व्याला उपदेश घ्यायला दुकानाच्या पायरीशी पाठविले, यापरते मापाचे माहात्म्य कोणते सांगावे? आजही अनेक दुकानांत लक्ष्मीपूजनाला वहीबरोबर तराजूची पूजा होते. ज्या काट्यावर आपण फूल वाहतो, तो खोटा असेल तर ती पूजा कोणाला पोचते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

या भूमीला तर मापाचा आणि भावाचा इतिहास आहे. 1945 साली आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्या लढ्याच्या मागण्यांत गवतकापणीच्या मजुरीची मागणी होती. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये! राजकीय मते कोणाची काही असोत. पण घामाचे माप ठरलेले असावे आणि त्या मापाला ठरलेला दाम मिळावा, यासाठी येथल्या दरिद्री माणसांनी प्राण वेचले, हे विसरता येत नाही. त्यांच्या नातवंडांचा हंडा आज हमरस्त्यावरच्या काट्यावर चढतो तेव्हा तेथे तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ज्याला आकडा वाचता येत नाही किंवा वाचूनही बोलण्याचे धैर्य होत नाही, ज्याला त्याच दिवशी तेल आणि तांदूळ घेऊन पाड्यावर परतायचे असते, त्याच्याकडून कोणताही भाव चालतो. वाडीतल्या शिक्षित घराने आपली मोड नीट तोलून घेतली, तर त्याचा लाभ त्याच्यापुरताच राहील. परंतु आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईचा हंडा विकताना तिच्यासोबत दुकानापर्यंत जाऊन उभे राहिले, तर ते खरे धनत्रयोदशीचे दान होय.

सर्वच जुने पितळ मोडीत घालावे, असेही नाही. डाख देऊन आणि कल्हई करून जे भांडे आणखी वीस वर्षे चालेल, त्याला मोडीचा भाव घेणे म्हणजे घडणावळ फुकट सोडणे. धड भांडे भांडे म्हणूनच विकावे. त्याला भंगाराहून चांगली किंमत येते. आजीचे नाव घातलेली परात असेल, तर तिचा विचार दोनदा करावा. देवघरातल्या वस्तूंबाबत तर विशेष जपावे. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये हा संकेत आहे. पण म्हणून ती तोट्यांच्या ढिगात टाकावी, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. आपल्या उपाध्यायांना विचारून तिचे विधिवत् विसर्जन करावे. गावच्या देवळाची फुटलेली घंटा किंवा जुन्या समया काढायच्या असतील, तर विश्वस्तांनी वजन, भाव आणि घेणाऱ्याचे नाव नोंदवून, चारचौघांसमक्ष त्या विकाव्यात. शक्य तर तेच धातू देऊन नवी घंटा ओतवून घ्यावी. त्या पितळात गावाचा पैपैसा आटलेला असतो. आणि दुकानदारांनीही घंटा किंवा नाव घातलेले भांडे पुढे आले की ते कोठून आले, हे विचारल्याशिवाय काट्यावर घेऊ नये. चोरीचा माल स्वस्तात मिळाला तरी तो लक्ष्मी म्हणून घरात येत नाही.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. ग्रामपंचायतींनी आठवडे बाजारात एक पडताळलेला काटा लोकांसाठी ठेवावा. ज्याला वाटेल त्याने दुकानात जाण्यापूर्वी आपले पितळ, आपले भात, आपला भाजीपाला तेथे तोलून पाहावा. खर्च फारसा नाही; एक काटा, एक फळी, एक विश्वासू माणूस. भंगाराच्या दुकानदारांनी तांबे, पितळ व कांसे यांचे त्या दिवशीचे भाव दाराशी खडूने लिहावेत. जे प्रामाणिक आहेत त्यांचे गिऱ्हाईक त्याने वाढेलच. पुढल्या धनत्रयोदशीपूर्वी डहाणू-तलासरीतल्या एखाद्या तरी बाजारात हे घडले, तर धन्वंतरीच्या कलशापुढे आपण उजळ माथ्याने हात जोडू. सर्व वाचकांच्या घरी यंदाची दीपावली सुखाची आणि सचोटीच्या लक्ष्मीची जावो.