कोणी पाहत नसताना

पहाटेचे साडेतीन. मेहरूणमध्ये, तांबापुऱ्यात सहरीसाठी दिवे लागलेले असतात. त्याच वेळी शहरातल्या रुग्णालयात रात्रपाळीची सिस्टर खाटेमागून खाट पाहत असते. एका आजोबांना नुकताच डोळा लागला आहे. त्यांना उठवून रक्तदाब मोजायचा, की मध्यरात्रीचाच आकडा जरा बदलून तक्त्यात भरायचा? कोणी पाहणारे नाही, विचारणारे नाही.

रोजेदाराला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. वजू करताना पाणी तोंडात असते, एक घोट गिळला तर कोणाला कळणार नाही. तरीही तो चूळ टाकून देतो. परिचर्येतली नीतिमत्ता याच जातीची आहे. इस्लाममध्ये सोपवलेल्या ठेवीला ‘अमानत’ म्हणतात. खाटेवरचा रुग्ण ही अशीच अमानत आहे.

ही अमानत हरवली की काय होते, ते जळगावने पाहिले आहे. जून 2020 मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या कोविड कक्षातून 82 वर्षांच्या एक आजी बेपत्ता झाल्या. बाहेर शोध सुरू राहिला आणि आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काहींवर निलंबनाची कारवाई झाली. त्या दिवसांत भीती होती, माणसे अपुरी होती, हे खरे. म्हणून एखाद्या परिचारिकेकडे बोट दाखवणे अन्यायाचे ठरेल. पण रिकामी खाट दिसल्यावर बंद दार उघडून पाहणे हे कोणाचे तरी काम होते आणि ते कोणाचेच राहिले नाही.

याच महाराष्ट्रात दुसरे टोकही आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. 18 मे 2015 रोजी निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या अंथरुणावर होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, तरी त्यांना भरवणे, पुसणे, कूस बदलणे थांबले नाही. त्यांना दयामरण मिळावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी केला. परिचारिकांनी त्याला विरोध केला. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला, पण असे निर्णय कोणी व कसे घ्यावेत याची वाटही घालून दिली. दोन्ही बाजूंना करुणाच होती. अशा जगण्याला प्रतिष्ठा उरते का, हा विराणींचा प्रश्न आजही खोटा ठरत नाही. मात्र शुद्धीवर नसलेल्या, तक्रार करू न शकणाऱ्या रुग्णाला इतक्या वर्षांत शय्याव्रण होऊ न देणे, हे त्या हातांचे उत्तर होते.

इतका मोठा पेच रोज येत नाही. रोजचे पेच लहान दिसतात. रमजानमध्ये हमखास येणारा एक सांगतो. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन टोचून घेतो आणि ताट तसेच परत पाठवतो. रोजा असल्याचे सांगत नाही. साखर धोकादायक उतरू शकते. सिस्टरने रागवावे, की त्याची श्रद्धा म्हणून गप्प बसावे? दोन्ही चूक. इंजेक्शनच्या आधीच त्याला बाजूला घेऊन शांतपणे विचारावे, साखर तपासावी, डॉक्टरांना कळवावे. आजाऱ्याला रोजातून सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. राहिलेले रोजे बरे झाल्यावर ठेवता येतात. तेही शक्य नसेल, तर गरिबाला जेवू घालता येते. हे सिस्टरला ठाऊक असायलाच हवे असे नाही. ते रुग्णाला समजावणे आम्हा घरच्यांचे काम आहे.

पण सारा भार सिस्टरच्या सचोटीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. आपल्या जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात रात्री कधी थांबला असाल, तर एका सिस्टरकडे किती खाटा होत्या ते आठवून पाहा. चाळीस ठिकाणी धावणारी व्यक्ती विचार करून निर्णय घेत नाही, ती फक्त धावते. औषध देताना चूक झाली, तर ती लगेच सांगण्याची हिंमत तिला हवी. सांगितल्याबद्दल फक्त शिक्षाच मिळणार असेल, तर चूक लपेल आणि रुग्ण दगावेल. ‘साहेब, हा डोस जास्त वाटतो,’ असे तिने म्हटल्यावर ते ऐकून घेणारा डॉक्टरही हवा.

म्हणून मागणी साधी आहे. शासनाने रिक्त जागा भराव्यात. रुग्णालयांनी चूक सांगणाऱ्याला अभय द्यावे. आणि आपण नातेवाइकांनी वॉर्डात आवाज चढवण्याआधी ती कितव्या तासाला उभी आहे, हे पाहावे. आज इफ्तारच्या वेळी रुग्णालयात आपले कोणी असेल, तर दोन खजूर सिस्टरच्या टेबलावरही ठेवा. तिचा धर्म कोणताही असो, आपली अमानत रात्रभर तीच सांभाळणार आहे.