ट्रम्पेट उपरा, मग पेटी कुठली?

महाडच्या एका व्याख्यानात परवा ऐकलं: सत्तरच्या दशकातल्या हिंदी मारधाडपटांचं पार्श्वसंगीत म्हणजे हॉलिवूडची उचलेगिरी, ट्रम्पेटचा नुसता गोंगाट, जॅझचा आपल्या मातीशी संबंध काय? टाळ्याही पडल्या. वक्त्यांचा व्यासंग मोठा असेल, पण हे चित्रपट त्यांनी कान देऊन पाहिलेले नाहीत.

गोंगाटाचं म्हणाल, तर ज्याला ट्रम्पेट सोसत नाही त्याने लग्नसराईत, बँड वाजत असताना, पोलादपूरला फिरकू नये.

संताप येतो तो उचलेगिरीच्या आरोपाचा. गाण्यांच्या चाली उचलल्या गेल्या. ‘शोले’तलं ‘मेहबूबा’ डेमिस रूसोसच्या गाण्यावरून आलं, हे कुणी नाकारत नाही. परदेशी तबकड्यांचे तुकडेही काही चित्रपटांत चिकटवले गेले, पण ते ऐकताक्षणी उघडे पडतात. कारण प्रसंग जितक्या सेकंदांचा तितकंच संगीत लागतं; दचका, थबकणं, झडप, सगळं त्या-त्या चित्रावरच यावं लागतं. लालो शिफ्रिनने हॉलिवूडच्या ‘बुलिट’मध्ये (1968) पाठलागाआधी ताण चढवत नेला आणि गाड्या सुसाट सुटताच संगीत बंद केलं, पुढे फक्त इंजिनं. ‘शोले’त (1975) बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात तेव्हा राहुलदेव बर्मन नेमकं उलट करतात: समताप्रसादांचा तबला टापांच्या बरोबरीने धावतो. नक्कल करणारा असा उलट्या वाटेने जातो काय? शिवाय 2005 साली अमेरिकेतल्या ब्लॅक आइड पीज या गटाने आपल्या ‘डॉन’मधलं ‘ये मेरा दिल’ वापरलं. हिशेब मांडायचाच तर पुरता मांडा.

आणि परकं कुणाला म्हणता? शिफ्रिन स्वतः ब्युनोस आयर्सचा. मुंबईच्या स्टुडिओंत नोटेशन वाचून वाजवणारे कितीतरी वादक गोव्यातल्या चर्चच्या शाळांत शिकलेले. बर्मनांच्या ताफ्यात मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन होता तसे तालवाद्यांवर मारुतीराव कीरही होते. ‘शोले’चे ध्वनिमिश्रक मंगेश देसाई परळच्या राजकमल स्टुडिओतले. परळ म्हणजे गिरणगाव; तिथेच आमच्या महाड-पोलादपूरची माणसं पोटासाठी गेली. तरी संबंध नाही म्हणता!

वाद जुनाच आहे. पेटी परदेशी म्हणून 1940पासून तीन दशकं रेडिओवर तिला बंदी होती. तेव्हाही मातीचीच भाषा होती. आज आमच्या गावांत पेटीशिवाय भजन उभं राहत नाही.

या संगीताचं मोलही सांगतो. कल्याणजी-आनंदजींच्या ‘डॉन’मध्ये (1978) ब्रासचे फटकारे आणि बेस गिटार ऐका. शहरात जिवाच्या आकांताने पळणाऱ्या माणसाचं भय दाखवायला असाच तुटक, समेवर विसावू न देणारा ठेका लागतो. जॅझवाल्याची आयत्या वेळची भर आपल्या उपजेच्या जवळची आहे, म्हणून तबल्याशी त्याचं जुळतं. पुढचं व्याख्यान देण्याआधी वक्त्यांनी ‘डॉन’ची श्रेयनामावली सभागृहात मोठ्या आवाजात वाजवावी आणि मग गोंगाट नेमका कुठे आहे ते दाखवावं. मी पहिल्या रांगेत असेन.